डॉ. कोटणीसांचं अर्धवट राहिलेलं पुस्तक आणि तुमच्या कॉम्प्युटरवरचं ऑफलाइन डॉक्युमेंटेशन

रात्रीचे अकरा वाजलेत. दिवसाचा डेटा पॅक संपलाय. प्रोजेक्ट उद्या दाखवायचाय आणि पायथॉनमधलं एक साधं फंक्शन अडलंय. त्याला आधी काय द्यायचं आणि नंतर काय, एवढंच आठवत नाही. उत्तर दोन ओळींचं आहे, पण ते इंटरनेटवर आहे आणि आपण नाही. हॉटस्पॉट मागायला रूम पार्टनर झोपलेला. सोलापुरात असो, बार्शीत असो की अक्कलकोटच्या पुढच्या एखाद्या गावात, ही वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर आलेली आहे.

आजचा लेख यावरच्या उपायाबद्दल आहे. डॉक्युमेंटेशन कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आणि नेट नसताना वाचायचं, यासाठी चांगली आणि पूर्णपणे फुकट सॉफ्टवेअर आहेत. ती कुठली, कशी शोधायची, कशी वापरायची ते आपण बघणार आहोत. पण त्याआधी आपल्या सोलापूरच्याच एका माणसाची गोष्ट सांगतो. त्यांच्या काळात कॉम्प्युटर नव्हता, पण आपल्यासारखीच अडचण त्यांच्यापुढे होती: काम समोर उभं आहे, माहिती हवी आहे आणि ती जिथे आहे तिथवर पोहोचता येत नाही. फरक एवढाच की आपला प्रोजेक्ट अडतो, तिथे माणसं मरत होती.

हे आहेत डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. नाव ऐकलेलं असतं, पण गोष्ट पूर्ण माहीत नसते. चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

सोलापूर ते मुंबई

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव होतं. भोंग्यावर शहराचा दिवस सुरू व्हायचा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एकाच गल्लीत कानावर पडायच्या. सोलापूरकरांना यात नवल वाटत नाही, पण ही सवय त्यांना पुढे किती उपयोगी पडली असेल ते आपण बघूच.

१९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मोठं आंदोलन झालं आणि इंग्रज सरकारने शहरात मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आलं. त्या वेळी द्वारकानाथ वीस वर्षांचे होते. आपल्या गावच्या चार माणसांना फासावर चढवलेलं पाहिलेली ही पिढी.

पुढे मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी सुरू होती. आणखी दोन-तीन वर्षं अभ्यास, मग प्रॅक्टिस, मग घराला आधार, असा सरळ रस्ता समोर होता.

पाच डॉक्टर आणि एक बोट

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चीनकडे जखमी सैनिक हजारोंनी होते आणि डॉक्टर फारच कमी. चिनी सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केलं, लोकांकडून सुमारे २२ हजार रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस.

विचार करा. भारत स्वतः गुलाम होता. तरी वर्गणी काढून दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवले गेले. सप्टेंबर १९३८ च्या सुरुवातीला हे पथक मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघालं आणि त्याच महिन्यात चीनच्या कँटन बंदरात पोहोचलं. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

तिथून वुहान, मग चुंगकिंग असा प्रवास झाला. जपानी सैन्य पुढे सरकत होतं, शहरं पडत होती आणि हे डॉक्टर जखमींबरोबर मागे मागे हटत होते. याच काळात सोलापूरहून बातमी आली की वडील गेले. परत जायचं कारण होतं आणि कुणी नावंही ठेवली नसती. कोटणीस परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं. तिथे चिनी कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं होतं आणि दवाखाने डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये चालत.

पहिलं काम: भाषा

सुरुवातीला पेशंटशी बोलायचं तर मध्ये दुभाष्या लागायचा. दुभाष्याच्या मदतीने ऑपरेशन करता येतं, पण शिकवता येत नाही. कोटणीसांनी चिनी शिकायला घेतली. नुसती कामापुरती नाही. काही काळात ते चिनीत बोलू लागले, वाचू लागले आणि पुढे विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले. चिनी लोकांनी त्यांना 'के दिहुआ' हे नाव दिलं. त्यातला 'हुआ' म्हणजे चीन.

१९३९ च्या अखेरीस ते आणि डॉ. बसू येनानहून आघाडीच्या दिशेने निघाले. पथकातले बाकीचे डॉक्टर एकेक करून भारतात परतले. डॉ. बसूही नंतर परतले. कोटणीस मात्र उत्तर चीनच्या वुताई पर्वताच्या भागात, एट्थ रूट आर्मीबरोबर राहिले. हा भाग जपानी सैन्याच्या पिछाडीला होता. चहूबाजूंनी नाकेबंदी. औषधं येत नव्हती, उपकरणं येत नव्हती. पुस्तकं कुठून येणार?

१९४० मधल्या एका लढाईच्या वेळी त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. चरित्र सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात, कारण ही गोष्ट सिनेमासारखी आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट याच्या पुढे सुरू होते.

मॅन्युअल लिहिणारे डॉक्टर

त्याच भागात कोटणीसांच्या आधी एक कॅनेडियन सर्जन काम करून गेले होते, डॉ. नॉर्मन बेथ्यून. ऑपरेशन करताना बोट कापलं, त्यातून रक्तात विष पसरलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते वारले. मरणाच्या आधी त्यांनी एक काम करून ठेवलं होतं: गनिमी युद्धात फिरता दवाखाना कसा उभारायचा, साहित्य कसं लावायचं, जखमेवर काय करायचं याची पुस्तिका.

आज आपण ज्याला 'मॅन्युअल' म्हणतो तेच हे. बेथ्यून गेले तरी पुस्तिका मागे राहिली आणि ज्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं तोही तिच्यावरून काम करू शकत होता. डॉक्युमेंटेशनची याहून सोपी व्याख्या मला माहीत नाही. ज्याला येतं तो माणूस हजर नसताना काम चालू राहावं म्हणून लिहून ठेवलेलं, ते डॉक्युमेंटेशन.

बेथ्यून यांच्या नावाने तिथे आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय आणि वैद्यकीय शाळा चालत होती. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस त्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि शाळेत शिकवूही लागले. विद्यार्थी बहुतेक खेड्यांतले तरुण. आपल्यासारखी पाच-सहा वर्षांची पदवी त्यांच्या नशिबात नव्हती. थोडं शिकून त्यांना लगेच आघाडीवर जायचं होतं. तिथे प्रश्न पडला तर विचारायला सर नाहीत, लायब्ररी नाही. हातात जे असेल तेवढंच.

म्हणून कोटणीस पुस्तक लिहायला बसले. चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक. पहिला भाग शस्त्रक्रियेची सर्वसाधारण तत्त्वं सांगणारा, दुसरा भाग एकेका अवयवाच्या आणि आजाराच्या शस्त्रक्रियेचा. दिवसभर रुग्णालय, मग वर्ग आणि उरलेल्या वेळात लिखाण.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं. त्या याच शाळेत परिचारिकांना शिकवत. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन.

पण कोटणीसांची तब्येत ढासळत चालली होती. त्यांना अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे झटके येत होते. विश्रांती घ्या म्हटलं तरी काम थांबलं नाही. ९ डिसेंबर १९४२ ला झटके थांबेनात आणि हपै प्रांतातल्या एका खेड्यात त्यांचं निधन झालं. वय फक्त ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पहिला भाग लिहून झाला होता. दुसरा अर्धाच राहिला.

पुढे १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. १९९३ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. त्यांची समाधी चीनमधल्या शिच्याच्वांग शहरात, बेथ्यून यांच्याही स्मृती जपणाऱ्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. सोलापुरात त्यांच्या राहत्या घरात स्मारक आहे. सोलापूरकरांनी त्यावरून शंभर वेळा गाडी नेलेली असते. एकदा थांबून आत जाऊन या.

हे सगळं टेक वेबसाइटवर कशासाठी?

प्रश्न बरोबर आहे. पाठ्यपुस्तक आणि सॉफ्टवेअर एक नव्हे, आणि आपल्या कोडिंगची तुलना युद्धाशी करायची नाही. पण कोटणीसांच्या त्या पुस्तकात तीन गोष्टी होत्या. ते जिथे काम चालू आहे तिथेच मिळत होतं. ते काम करणाऱ्याच्या भाषेत होतं. आणि ते अर्धवट राहिलं. या तीनही गोष्टी आजच्या डॉक्युमेंटेशनला जशाच्या तशा लागू होतात. एकेक बघूया.

आधी डॉक्युमेंटेशन म्हणजे काय ते पक्कं करू

आपण काही अडलं की व्हिडिओ बघतो किंवा एआय चॅटबॉटला विचारतो. दोन्ही चांगलं आहे. पण व्हिडिओ कुणीतरी स्वतःच्या समजुतीने बनवलेला असतो, कधी कधी जुन्या व्हर्जनचा असतो. चॅटबॉट कधी कधी अस्तित्वातच नसलेलं फंक्शन मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो. खरं-खोटं ठरवायचं कुठे? मूळ डॉक्युमेंटेशनमध्ये. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच लिहिलेलं असतं.

त्यात साधारण दोन प्रकार असतात. एक ट्युटोरियल, म्हणजे हाताला धरून शिकवणारं. दुसरा रेफरन्स, म्हणजे शब्दकोशासारखं: फंक्शनचं नाव शोधा, काय द्यायचं, काय मिळतं, कुठे चूक होऊ शकते ते वाचा. कोटणीसांच्या पुस्तकाचे दोन भाग आठवा. आधी तत्त्वं, मग एकेका शस्त्रक्रियेचा तपशील. रोजच्या कामात आपल्याला रेफरन्स जास्त लागतो आणि तोच ऑफलाइन ठेवायला सर्वांत सोयीचा.

मोफत आणि मुक्त यात फरक आहे

मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे ते सॉफ्टवेअर तुम्ही कशासाठीही वापरू शकता, आतून कसं चालतं ते बघू शकता, दुसऱ्याला देऊ शकता आणि बदलून पुढे वाटू शकता. एखादं ॲप आज मोफत असतं आणि उद्या पैसे मागतं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला मिळालेली प्रत तुमचीच राहते आणि मूळ माणसाने काम सोडलं तरी दुसरा कुणी ते पुढे नेऊ शकतो.

हीच गोष्ट डॉक्युमेंटेशनलाही लागू आहे. प्रोग्रॅम मुक्त आणि त्याचं पुस्तक मात्र बंदिस्त, असं असेल तर उपयोग अर्धाच. म्हणून २००० साली पुस्तिकांसाठी 'ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स' हा वेगळा परवाना आला. विकिपीडियाही सुरुवातीला याच परवान्यावर चालत होता.

म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर शोधताना तीन गोष्टी तपासा: त्याचा परवाना कोणता आहे, शेवटचा बदल कधी झालाय आणि डाउनलोड अधिकृत साइटवरूनच होतंय ना. 'फ्री डाउनलोड' असं मोठ्या हिरव्या बटणावर लिहिलेल्या कुठल्याही साइटवरून फाइल घेऊ नका. सोबत नको ते टूलबार आणि व्हायरस येतात.

१) झील: विंडोज आणि लिनक्ससाठी

झील हे खास ऑफलाइन डॉक्युमेंटेशन वाचण्यासाठी बनवलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. मॅकवर 'डॅश' नावाचं असंच पैसे घेणारं सॉफ्टवेअर आहे. झील त्यावरूनच सुचलं आणि त्याच्याच पद्धतीच्या फाइल वापरतं. त्या फाइलींना 'डॉकसेट' म्हणतात. पायथॉन, जावा, सी प्लस प्लस, एचटीएमएल, पीएचपी, अँड्रॉइड अशा सुमारे दोनशे डॉकसेट्स मिळतात.

वापरायचं असं: झीलच्या अधिकृत साइटवरून सेटअप घ्या. उबुंटू किंवा डेबियन असेल तर सॉफ्टवेअर स्टोअरमध्ये 'झील' शोधलं की मिळतं. झील उघडा, 'टूल्स'मधून 'डॉकसेट्स' निवडा, 'अव्हेलेबल' टॅबमध्ये हव्या त्या विषयावर टिक करून डाउनलोड करा. एवढं एकदा कॉलेजच्या वाय-फायवर केलं की नंतर नेट बंद असलं तरी चालतं. शोधताना आधी विषयाचं नाव, मग विसर्गासारखं कोलन चिन्ह आणि मग शब्द लिहिला की फक्त त्याच विषयात शोध होतो. उत्तर टाइप करता करताच समोर येतं.

सगळे डॉकसेट्स घेऊ नका. लागतात तेवढे चार-पाच घ्या. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क लगेच भरते.

२) डेव्हडॉक्स: इन्स्टॉल न करता, मोबाइलवरसुद्धा

कॉलेजच्या लॅबमध्ये सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसते. किंवा तुमच्याकडे फक्त फोन आहे. अशा वेळी डेव्हडॉक्स. ही ब्राउझरमध्ये उघडणारी साइट आहे, २०१३ मध्ये सुरू झाली आणि आता फ्रीकोडकॅम्प ही संस्था ती सांभाळते. तीसुद्धा मुक्त आहे.

साइट उघडा, 'प्रेफरन्सेस'मध्ये हवे ते विषय चालू करा. मग 'ऑफलाइन डेटा'मध्ये जाऊन प्रत्येकासमोरच्या 'इन्स्टॉल'वर टॅप करा. माहिती ब्राउझरमध्येच साठते आणि नेट नसताना तोच पत्ता टाकला तरी साइट उघडते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, इन्कॉग्निटो मोडमध्ये हे करू नका, विंडो बंद केली की सगळं जातं. दोन, फोन हँग होतो म्हणून आपण 'क्लिअर डेटा' करतो ना, त्यात हेही पुसलं जातं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तर अजिबात करू नका.

३) किविक्स: अख्खी लायब्ररी खिशात

किविक्स २००७ मध्ये सुरू झालं, विकिपीडिया ऑफलाइन वाचता यावा म्हणून. यात 'झिम' नावाच्या एकाच फाइलमध्ये पूर्ण साइट दाबून बसवलेली असते. मराठी विकिपीडिया मिळतो, स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या प्रश्नोत्तरांच्या साइट मिळतात, गुटेनबर्गची जुनी पुस्तकं मिळतात आणि डेव्हडॉक्समधले बरेच विषयही मिळतात. अँड्रॉइड, विंडोज, लिनक्स, मॅक, आयफोन सगळीकडे चालतं.

चित्रांसकट पूर्ण इंग्रजी विकिपीडिया शंभर जीबीच्याही वर जातो, त्यामुळे चित्रं नसलेली किंवा छोटी आवृत्ती निवडा. आणि एक नेहमीची चूक: पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड 'फॅट ३२' पद्धतीचं असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. कॉपी मध्येच थांबते आणि आपल्याला वाटतं फाइल खराब आहे. ते कार्ड आधी 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करा. आतला डेटा पुसला जातो, म्हणून आधी बॅकअप घ्या.

किविक्सची मला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे लोकल सर्व्हर. एका कॉम्प्युटरवर फाइल ठेवायची, सर्व्हर सुरू करायचा आणि त्याच वाय-फायवरचे बाकीचे फोन ब्राउझरमधून ती लायब्ररी वाचू शकतात. इंटरनेट लागत नाही, राउटर पुरतो. हॉस्टेल, गावची अभ्यासिका, शाळेची लॅब, कुठेही हे एका दुपारी उभं करता येतं. नाकेबंदीतल्या शाळेत एकच पुस्तक सगळ्यांनी वापरावं, तसंच काहीसं.

४) आधीपासून तुमच्याकडे असलेलं

लिनक्स वापरत असाल तर 'मॅन' ही कमांड माहीत असायलाच हवी. मॅन म्हणजे मॅन्युअल. मॅन लिहून पुढे कुठल्याही कमांडचं नाव दिलं की तिची पुस्तिका उघडते. आत स्लॅश देऊन शब्द शोधायचा, 'क्यू' दाबून बाहेर यायचं. ही पद्धत फार जुनी आहे. युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. फोनवर टर्मक्स असेल तर त्यातही 'मॅन' टाकून घेता येतं.

पायथॉन इन्स्टॉल असेल तर त्याच्याबरोबर 'पायडॉक' आलेलंच असतं. त्याला 'बी' हा पर्याय दिला की तुमच्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या मॉड्यूल्सची माहिती ब्राउझरमध्ये उघडते. शिवाय पायथॉनच्या अधिकृत साइटवरून पूर्ण डॉक्युमेंटेशन ई-पुस्तक म्हणूनही उतरवता येतं. ते फोनवर टाका आणि एसटीत वाचा.

मग मी नेमकं काय घेऊ?

लॅपटॉप स्वतःचा असेल तर झील. फक्त फोन असेल किंवा लॅबच्या कॉम्प्युटरवर काम करत असाल तर डेव्हडॉक्स. चार-पाच जणांना मिळून वापरायचं असेल तर किविक्स. लिनक्सवर असाल तर मॅनची सवय लावा. सुरुवात एकाच विषयापासून करा. आणि दर दोन-तीन महिन्यांनी अपडेट तपासा, कारण ऑफलाइन प्रत आपोआप नवी होत नाही. जुन्या व्हर्जनचं डॉक्युमेंटेशन वाचून नव्या व्हर्जनचा कोड लिहिला की डोकं पिकतं.

आता भाषेचा प्रश्न

वरची सगळी सॉफ्टवेअर मिळाली तरी एक अडचण उरते. आत उघडल्यावर जे दिसतं ते जवळजवळ सगळं इंग्रजीत असतं. वेब डेव्हलपमेंटचं सर्वांत चांगलं डॉक्युमेंटेशन म्हणून मोझिलाच्या एमडीएनचं नाव घेतात. ते चिनी, जपानी, कोरियन, फ्रेंच भाषांत वाचता येतं. मराठीत नाही.

मराठी माध्यमात दहावी करून डिप्लोमाला गेलेल्या मुलांना विचारा. त्यांना लॉजिक कळत नाही असं नसतं. परिच्छेद तीनदा वाचावा लागतो, तिसऱ्यांदा अर्थ लागतो आणि तोवर शेजारचा पुढे गेलेला असतो. मग हळूहळू वाटायला लागतं की हे आपल्यासाठी नाहीच. नेटवर्क नसण्यापेक्षा ही अडचण मोठी आहे, कारण ती रिचार्ज करून सुटत नाही.

कोटणीसांनी इंग्रजीतून वैद्यक शिकलं होतं. आपल्या विद्यार्थ्यांना ते सांगू शकले असते की आधी इंग्रजी शिका, मग सर्जरी. त्यांनी उलटं केलं. स्वतः विद्यार्थ्यांची भाषा शिकले आणि त्यात लिहिलं. परक्या माणसाने, तिशीत, युद्ध चालू असताना. आपली तर ही मातृभाषा आहे.

आणि इथे मुक्त परवान्याचा खरा उपयोग कळतो. मुक्त डॉक्युमेंटेशनचं भाषांतर करायला कुणाचे पाय धरावे लागत नाहीत. 'टीएलडीआर पेजेस' नावाचा एक मुक्त प्रकल्प आहे. त्यात मॅनच्या लांबलचक पुस्तिकांऐवजी प्रत्येक कमांडची पाच-सात उदाहरणं दिलेली असतात आणि तो वेगवेगळ्या भाषांतली भाषांतरं स्वीकारतो. एक पान अर्ध्या तासात होतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तिथे तंत्रज्ञानाच्या लेखांना माणसं हवीच आहेत. यातलं काहीच जमलं नाही तर जे तुम्हाला आज अडलं आणि सुटलं, ते पाच ओळींत मराठीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या ज्युनिअरला द्या. तेही डॉक्युमेंटेशनच आहे.

पूर्ण होईल की नाही याची चिंता करू नका. अर्धवट पुस्तकाचा उपयोग नसता तर कोटणीसांच्या विद्यार्थ्यांनी पहिला भाग बाजूला ठेवला असता. लिहिलं गेलं होतं तेवढं कामाला आलं. जगातलं जवळजवळ सगळं मुक्त डॉक्युमेंटेशन असंच आहे: एकाने सुरू केलेलं, दुसऱ्याने पुढे नेलेलं आणि अजूनही अपुरं.

तर मित्रांनो, आज रात्री डेटा शिल्लक असेल तोवर एक काम करा. ज्या विषयावर सध्या काम करताय त्याचं डॉक्युमेंटेशन उतरवून ठेवा. आणि सोलापुरात असाल तर येत्या रविवारी डॉ. कोटणीसांच्या स्मारकात एक चक्कर मारा. भेटूया पुढच्या लेखात.